पगारे बाईंची आवक-जावक

लहान मुलांना लिहायला किती आवडतं, हे मोजायची एक पट्टी मी तयार केली होती. हे एवढं एक वाक्य मी पूर्वी सव्वादोनशे पानांत लिहिलं होतं आणि त्याबद्दल मला नावाआधी 'डॉ.' लावायची परवानगी मिळाली होती. मोजण्याचं काम आमच्या घरात जुनंच. आम्ही चांदवडकडचे. वडील खळ्यात बसून कांद्याची प्रतवारी करायचे. गोल्टी एकीकडे, मोठा माल एकीकडे. कांदा हातात आला की त्यांना कळायचं, डोळ्यांनी बघावंही लागायचं नाही. त्यांची प्रतवारी चुकल्याचं मला आठवत नाही. मी शिकलो, नाशकात शिक्षकांना शिकवणाऱ्या एका संस्थेत लागलो, कांद्याऐवजी मुलं निवडायला बसलो आणि पहिल्याच ढिगात हात भाजून घेतला.

माझी पट्टी म्हणजे वीस वाक्यांचा एक कागद होता. प्रत्येक वाक्याखाली चार तोंडं : हसरं, बरं, कसनुसं आणि रडकं. वाक्य वाचून दाखवायचं, मुलांनी एक तोंड रंगवायचं. तोंडं मी स्वतः काढली होती, कारण चित्रकाराला सांगितलं तर श्रेय वाटून घ्यावं लागेल अशी मला धास्ती होती. कसनुसं तोंड शिंक अडकल्यासारखं आलं होतं. पण माझ्या मार्गदर्शकांना ते 'सूचक' वाटलं, मग मलाही वाटायला लागलं.

हा कागद घेऊन मी बारा शाळा फिरलो. बारावी शाळा पगारे बाईंची.

शाळा नाशिकच्या पश्चिमेला, डोंगरात. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांच्या मी अजून लक्षात आहे. शाळेला आधी गेलेल्या पत्रात, माझ्या कागदाच्या नमुन्यासोबत, 'अभिवृत्ती मोजणी' असे शब्द होते. त्यातला पहिला शब्द कुणाला वाचता आला नाही आणि दुसरा सगळ्यांना फार चांगला माहीत होता. एसटीतून उतरलो तर टपरीवरचा एक म्हातारा उठून उभा राहिला.

"मोजणीवाले सायब का?"

मी अभिमानाने हो म्हणालो.

"मंग आमचा वरला बांध आधी घ्या. लय वर्सं झाली, शेजारी सरकत सरकत पार आंब्याखाली आलाय."

शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत माझ्यामागे सातबारा घेतलेली तीन माणसं होती. बाई दारातच उभ्या होत्या. बुटकी चण, पांढरा अंबाडा, सुती साडी आणि पायात मुलांचे असतात तसे खेळाचे बूट. चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या तिघांकडे. "तुमचे नातेवाईक का?" असं शांतपणे विचारलं. त्या तिघांना "हे तोंडं मोजतात, जमीन नाही" एवढ्यावर परत पाठवलं. पाच शब्दांत माझं संशोधन इतकं नेमकं अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी वर्गात शिरणार तर बाई म्हणाल्या, "अर्ज दिलात?"

"कार्यालयाचं पत्र आहे की."

"ते शाळेला. वर्ग चौथीचा आहे. वर्गात यायचं तर वर्गाला अर्ज."

मला वाटलं गंमत आहे. बाईंचा चेहरा गमतीचा नव्हता. मी पायरीवर बसून, मांडीवर बॅग ठेवून अर्ज लिहिला. आतून एक मुलगी आली, यमुना. त्या वर्षी आवक, म्हणजे आलेल्या कागदांची नोंद, तिच्याकडे होती. तिने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला.

"तारीख नाय."

तारीख घातली. पुन्हा परत आला. "कशापायी येता ते कळत नाय."

मी तिसऱ्यांदा लिहिलं : तुम्हाला लिहायला आवडतं का ते विचारायचं आहे. मग तिने एका जाड रजिस्टरमध्ये नंबर घातला, तो मला सांगितला आणि म्हणाली, "बसा. उत्तर येईल." उत्तर दहा मिनिटांनी लेखी आलं. मंजूर. चपला बाहेर.

सरकारी कार्यालयात असतं तसं ते आवक-जावक रजिस्टर होतं. बाईंच्या वर्गात मुलांना जे काही हवं असेल ते कागदावर मागायचं, कागदाला नंबर पडायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आत त्याला लेखी उत्तर मिळायचं. तहान, लघवी आणि साप एवढं तोंडी चालायचं. बाकी सगळं लेखी. त्यातले काही अर्ज बाईंनी मला नंतर वाचून दाखवले, ते मला पाठ आहेत. 'विषय : शेळी आणण्याबाबत. माझी शेळी आजारी आहे. घरी कोणी नाही. तिला वर्गात बसू द्यावे. ती बोलणार नाही.' खाली बाईंचं उत्तर : 'मंजूर. खिडकीपाशी बांधावी. वह्या खाल्ल्यास जबाबदारी अर्जदाराची.'

भांडणंसुद्धा तशीच. एकाने तक्रार लिहायची, दुसऱ्याने खुलासा. 'मी म्हैस म्हणालो हे खरे आहे. पण मी आमच्या म्हशीला म्हणालो. किसन मध्ये आला.' मग किसनचं त्यावर म्हणणं. तिसऱ्या कागदापर्यंत दोघं एकाच बाकावर बसून एकमेकाला शब्द सुचवत असायचे.

नियम बाईंनाही होता. त्यांना रजा हवी असली की त्या वर्गाकडे अर्ज करायच्या. नातीच्या नामकरणासाठी त्यांनी एक दिवस मागितला, तेव्हा वर्गाने लिहिलं, 'मंजूर. पण कोल्ह्याची गोष्ट अर्धी आहे. ती पुरी करून जावे.' बाहेर एसटी हॉर्न वाजवत उभी आणि बाई एक पाय दारात ठेवून कोल्हा विहिरीबाहेर काढतायत, असं त्या दिवशी झालं म्हणे.

हे खूळ आलं कुठून, असं मी दुपारी डबा खाताना विचारलं. बाई सातपूरकडच्या एका कॉलनीत राहायच्या, रोज पहाटेची एसटी धरून यायच्या. त्यांचे वडील एका कार्यालयात शिपाई होते.

"दिवसभर माणसं साहेबाच्या दारात उभी असायची," बाई म्हणाल्या. "वडील कानात सांगायचे, तोंडी सांगू नका, साहेब विसरेल. कागद द्या आणि नंबर मागा. नंबर पडला की विसरायची सोय राहत नाही. या मुलांचे आईबाप अजून दारात उभेच आहेत सर. ही उभी राहणार नाहीत."

"मुलं तयार झालीत की तुमची."

"अर्धी. पहिल्या नकाराला अजून रडतात. नकार आल्यावर दुसरा अर्ज कसा लिहायचा ते या वर्षी शिकवायचंय. मार्चनंतर ही पाचवीला दुसऱ्या गावी जातात आणि मेमध्ये मी निवृत्त होऊन घरी. एवढंच वर्ष आहे माझ्या हातात."

हे सगळं मी ऐकलं, मान डोलावली, त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घेतली आणि मग माझी पट्टी काढली. म्हणजे अठरा मुलांनी जूनपासून लिहिलेले कागद ज्या कपाटात होते, त्या कपाटाला पाठ लावून मी त्या मुलांना विचारलं, तुम्हाला लिहायला आवडतं का.

पहिली अडचण तिसऱ्या वाक्याला आली. वाक्य होतं, 'लिहिताना माझा हात दुखतो.'

यमुना उभी राहिली. "सर, दुखत नाय तर कंचं तोंड?"

"पटत नसेल तर रडकं."

"हात दुखत नाय म्हणून रडायचं?"

वर्ग हसला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. मी जरा आवाज चढवून सांगितलं, "वाक्य पटलं तर हसरं, अजिबात नाही पटलं तर रडकं. पुढे चला." मुलं शहाणी. त्यांनी दिलेल्या नियमाप्रमाणे रंगवलं. 'लिहायचं म्हटलं की माझं पोट दुखतं', रडकं. 'लिहायचं नसतं तर शाळा छान असती', रडकं, तेही खडू दाबून.

नाशिकला येऊन मी सगळे कागद संगणकात घातले. हसऱ्याला चार गुण, रडक्याला एक. अशी उलटी वाक्यं विसांत सहा होती आणि तिथे गुणही उलटे द्यायचे असतात. हे मी माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. संगणकात घालताना तेवढं विसरलो.

पगारे बाईंचा वर्ग बारा शाळांत शेवटचा आला. पहिली आली ती शहरातली एक चकचकीत शाळा. तिथल्या मुलांनी वीसच्या वीस वाक्यांना हसरं तोंड रंगवलं होतं, पोट दुखतं त्यालासुद्धा. त्या शाळेबद्दल मी अहवालात 'लेखनाविषयी आनंददायी वातावरण' असं लिहिलं. मग दर वाक्याचे गुण दाखवणारं रंगीत गुणपत्रक करून सगळ्या शाळांना पाठवलं, कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं आणि लोकांचे अंगठे मोजत बसलो. मोजायची सवय म्हटलं ना.

महिन्याभराने माझ्या टेबलावर एक पाकीट आलं. वापरलेलं पाकीट उलटं करून चिकटवलेलं.

'प्रति, मोजणीवाले सर. विषय : आमच्या बाई परत देण्याबाबत. तुम्ही म्हणाला, पटत नसेल तर रडकं तोंड रंगवा. हात दुखतो याला आम्ही रडकं रंगवलं, कारण दुखत नाही. त्याला तुम्ही कमी मार्क दिले. असे का केले. दुसरे, आमचे कपाट तुमच्या मागेच होते. ते तुम्ही उघडले नाही. तुमच्या कागदामुळे बाईंना ऑफिसात बसवले आहे. सगळी शाळा एका वर्गात बसते. खुलासा सात दिवसांत द्यावा. हा अर्ज आम्ही स्वतः लिहिला, बाईंना माहीत नाही.'

खाली अठरा सह्या आणि नंबर.

चौकशी केली. खरं होतं. माझा अहवाल बघून तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातल्या साहेबांनी शेवटच्या वर्गाच्या शिक्षिकेला 'पुढील आदेशापर्यंत' तिथेच कामगिरीवर घेतलं होतं. काम काय, तर माहितीचे तक्ते भरणं. आणि असा पुढला आदेश सहसा मे उलटल्यावरच निघतो.

मी संगणक उघडला आणि पाच मिनिटांत मला चूक सापडली. आता कुणालाही वाटेल की सहाव्या मिनिटाला मी खुलासा लिहिला असेल. तुम्ही मला ओळखत नाही. त्याच महिन्यात माझी पट्टी छापून जिल्हाभर जायची होती, मुखपृष्ठावर माझं नाव होतं, आणि संस्थेतल्या वरच्या खुर्चीसाठी माझं नाव चर्चेत होतं. मुख्यतः मीच चर्चा करत होतो. सात दिवस मी अर्ज खणात ठेवला. आठव्या दिवशी खणाची जागा बदलली. दिवाळी आली आणि गेली. शेवटी एक कागद लिहून शाळेला पाठवला : 'तांत्रिक कारणास्तव काही नोंदींमध्ये तफावत निर्माण झाल्याचे आढळून आले आहे.'

आठवड्याने तो परत आला. कोपऱ्यात यमुनाचं अक्षर : 'तफावत कोणी केली ते लिहिलेले नाही. ऑफिसला प्रत नाही. कपाटाचे उत्तर नाही. परत.'

नकार आल्यावर दुसरा अर्ज लिहायला मुलांना कुणी शिकवलंच नव्हतं, बाईंना त्याआधीच उचललं होतं. मुलं आपसूक शिकली होती. शिकायचा राहिलो होतो तो मी.

रविवारी सकाळी कोरा कागद घेऊन बसलो. पेन झटकलं. दुसरं पेन आणलं. कागदाला समास पाडला. पंखा कमी केला, मग वाढवला. बायको मटार सोलत समोर बसली होती.

"काय लिहितोयस?"

"चार ओळी."

"मटार संपत आले," ती म्हणाली. "आणि तोंड कसलं केलंयस? तुझ्या त्या कागदावरचं तिसरं दिसतंय. शिंकवालं."

"शब्द सापडत नाहीत."

"काल भांडी लावताना मला सांगितलंस तेव्हा सापडले होते की. मी चुकलो, बाईंना भोगावं लागतंय, असं म्हणालास. तेच लिही. का तिथं 'डॉक्टर' लागतं?"

मुलांना लिहायला का नको वाटतं यावर मी तोवर बरीच व्याख्यानं दिली होती. शब्दसंपत्ती, स्नायूंचा विकास वगैरे. त्या रविवारी कळलं की माझ्या पट्टीत एक वाक्य घालायचं राहून गेलं होतं : 'लिहिलं की नाकारता येत नाही.' त्याखाली मी कुठलं तोंड रंगवलं असतं ते सांगायला नकोच.

तरी लिहिलं. सहा वाक्यांचे गुण मी उलटे करायला विसरलो. चूक माझी. मुलांनी बरोबर रंगवलं होतं. कपाट मी उघडलं नाही, कारण उघडावं असं मला सुचलं नाही. पट्टी छापू नये. प्रत : साहेब.

सोमवारी प्रत घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेलो. मनात मोठं दृश्य होतं. मी सत्य सांगणार, साहेब हादरणार, मी पडेल ती शिक्षा मान खाली घालून घेणार. दारात नेहमीची गर्दी नव्हती. माणसं बाकावर बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी पगारे बाई. खेळाचे बूट, गळ्यात चष्मा. समोर एक म्हातारी.

"मावशी, तोंडी नको. हा मुलगा लिहील, तुम्ही सांगा. आणि नंबर घेतल्याशिवाय जायचं नाही."

मला पाहून त्यांनी मान हलवली. "या सर. अर्ज आणलात?"

रागाचा एक शब्द नाही. राग असता तर बरं झालं असतं, मी तयारी करून आलो होतो. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला. दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण बरा लिहिलाय." आणि त्यावर नंबर घालून त्या म्हणाल्या, "आत घेऊन जा."

साहेबांनी खुलासा पहिल्या ओळीपलीकडे वाचलाच नाही. "म्हणजे पगारे बाईंना परत पाठवता येईल?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. साहेबांनी डोळे मिटले. "अहो डॉक्टर, दोन महिन्यांत या बाईंनी माझी झोप उडवली. जो येईल त्याला नंबर देतात. प्रत्येक नंबराला उत्तर मागतात, मलाच मागतात. परवा माझ्या शिपायाने माझ्याकडे लेखी रजा मागितली आणि कारण विचारलं तर लेखी विचारा म्हणाला." आदेश तिथेच टाइप झाला. माझ्या हयातीतल्या एकमेव धाडसाचा उपयोग साहेबांना निमित्त म्हणून झाला. त्यांना गुणांचं काही पडलं नव्हतं.

पट्टी छापली गेली नाही. खुर्ची दुसऱ्याला मिळाली. तो गृहस्थ कधीच काही मोजत नाही, आणि सुखी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्याच एसटीने शाळेत गेलो. कपाट बघायचं होतं, खुलाशात तसं कबूल केलं नव्हतं तरी. वाटेत बाई फारशा बोलल्या नाहीत. फाटक ओलांडलं, पोरांची कुजबुज ऐकू आली. मला वाटलं बाई आत जातील, मुलं येऊन बिलगतील. बाई दारापाशी थांबल्या. मी पहिल्या दिवशी बसलो होतो त्याच पायरीवर बसल्या आणि पिशवीतून कागद काढला.

"आत जा ना बाई," मी म्हणालो.

"कशी जाऊ? दोन महिने वर्गाची मंजुरी न घेता गैरहजर आहे." आणि मांडीवर पिशवी ठेवून त्या लिहायला लागल्या. दोन ओळी लिहिल्या, थांबल्या, पेनाचं टोपण चावलं. एक शब्द खोडला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहून घेतलेली ती बाई स्वतःच्या चार ओळींसाठी माझ्यासारखीच चाचपडत होती. त्यांचा चेहरा मी बाजूने बघत होतो. त्याला कुठलं तोंड म्हणावं ते मला कळेना. माझ्याकडे चारच होती.

यमुना दारात येऊन उभी राहिली. दोन महिन्यांनी बाई दिसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले, पण आवक तिच्याकडे होती. तिने हात पुढे केला, अर्ज घेतला, सावकाश वाचला. मध्येच एकदा बाहीने नाक पुसलं. मग कागद बाईंना परत दिला.

"बाई, तारीख नाय."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. खरंच नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि वर न बघता मला विचारलं, "सर, आज तारीख काय हो?"

मी सांगितली. त्या शाळेत माझ्या तोंडून निघालेला तो पहिला बरोबर आकडा.